तुलनेचं पाणी

ही १९८८ सालची गोष्ट. पाणीपुरवठा खात्याच्या लॅबमध्ये मला सगळे ‘कांदेवाली बाई’ म्हणायचे आणि त्याचं मला काही वाटत नसे. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईला लोक याहून वाईट काहीबाही म्हणतात.

आमच्या यादीत चौदा तपासण्या होत्या. चौदा गोष्टींच्या मर्यादा ठरलेल्या, रिपोर्ट त्यांचाच. पण गावाच्या वरच्या अंगाला रंगाचे, कातड्याचे, औषधांचे कारखाने उभे राहत होते आणि ते पाण्यात जे सोडत त्याला यादीत जागाच नव्हती. ते शोधणारी यंत्रं होती फक्त मोठ्या लॅबमध्ये. तिथे वर्षाला आमच्या दहाच बाटल्या घेत. गावात पाण्याच्या जागा तीनशे. दहा निवडायच्या कशा?

म्हणून मी कांदे आणले. पेल्यात पाणी भरायचं, तोंडावर कांदा बसवायचा, बूड पाण्याला टेकलेलं. पाच दिवसांनी मुळं फुटपट्टीने मोजायची. पाण्यात काही वाईट असलं की मुळं खुंटतात. काय वाईट ते कांदा सांगत नाही, पण कुठली बाटली पुढे पाठवायची ते सांगतो.

“बाई, मोजून झाले की कांदे घरी नेता ना?” असं आमचे साहेब दर आठवड्याला विचारायचे आणि दर आठवड्याला स्वतःच हसायचे.

आता खुंटली म्हणायचं तर कशाच्या मानाने? तुलनेला एक चांगलं पाणी हवं. डिस्टिल्ड पाण्यात कांद्याची मुळं धड वाढत नाहीत. मग मी ताईच्या विहिरीचं पाणी आणू लागले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या परसातली विहीर, लहानपणापासून ऐकलेलं की याच्यासारखं गोड पाणी गावात नाही. मी चौदा तपासण्या केल्या, चौदाही उत्तम. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘तुलनेचं पाणी’. सबंध गावाचं पाणी मी दोन वर्षं त्या विहिरीशी ताडून पाहिलं. त्या विहिरीला मात्र कशाशीच ताडलं नाही.

ताईने ही बातमी गल्लीभर केली. निम्मी गल्ली तिच्याकडून पाणी भरू लागली. ताईची सून तेव्हा गरोदर होती. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. ताई तिला पेले मोजून पाजायची. “पी ग, तुझ्या मावशीने पास केलेलं पाणी आहे!”

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तुलनेच्या पाचही पेल्यांतली मुळं सारखी भरली. एकेचाळीस मिलिमीटर. एका कांद्याला वीस-पंचवीस मुळं, आणि प्रत्येक मूळ एकेचाळीस. हाताची पाच बोटं सारखी नसतात, इथे शंभरावर मुळं सारखी. मी पुन्हा मोजली. मग साहेबांना फुटपट्टी दिली. त्यांनीही मोजली.

“फुटपट्टी बदला,” ते म्हणाले. त्या दिवशी हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुळं पाण्याबाहेर आली होती. काचेला धरून वर चढलेली, पेल्याच्या कडेवरून बाहेर वाकलेली, पांढरी, बारीक, टोकं हवेत. शेजारच्या दहा-बारा पाण्यांचे कांदे नेहमीसारखे खाली मुळं सोडून बसले होते. उघड्या हवेत कांद्याचं मूळ तासाभरात सुकतं. ही ओली होती.

सगळी एकाच दिशेला, पश्चिमेच्या भिंतीकडे. मूळ उजेडाकडे जात नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी खिडकीला काळा कागद लावला. पेले उलटे फिरवले. सकाळी आले तर पुन्हा पश्चिमेकडे. खात्याचा नकाशा टेबलावर पसरून मी त्या रेघेत पट्टी ठेवली. पट्टी देवळावरून, बाजारावरून गेली आणि ताईच्या गल्लीत शिरली.

विहीर तिथेच आहे, विहिरीकडे वळत असतील, अशी मी माझी समजूत घातली. त्यालाही काही अर्थ नव्हता, पण धरायला काहीतरी लागतं.

मग एका दुपारी ताई सुनेला दवाखान्यात दाखवून परतताना लॅबवर आली. सून दाराजवळच्या स्टुलावर टेकली, पूर्वेच्या बाजूला. सातवा संपत आलेला. जेमतेम तासभर बसल्या असतील. ताईच बोलत होती.

त्या गेल्यावर मी टेबलाकडे वळले.

पाचही पेल्यांतली मुळं स्टुलाकडे वळली होती.

संध्याकाळी मी ताईकडे गेले.

“ताई, ते पाणी तिला देऊ नकोस.”

“का? काय निघालं त्यात?”

“निघालं काहीच नाही.”

“मग?”

“कांदे...” मी म्हटलं आणि माझं मलाच ऐकवेना.

“दोन वर्षं तूच डंका पिटलास, आणि आता कांद्यांनी कान फुंकले होय तुझे?” ताईला हसू आलं होतं, पण मग ते ओसरलं. “धाकटे, हे तिसरं आहे. उगाच काही बोलू नकोस.”

साहेबांना मी दहातली एक बाटली मागितली. “चौदाच्या चौदा ठीक आहेत. कारण काय लिहू? कांद्यांना पसंत नाही?” असं म्हणाले, पण बाटली पाठवली. उत्तर चार महिन्यांनी आलं. काही आढळलं नाही.

तोवर मी माझं काम केलं. दुसऱ्या टोकाच्या पंपाचं पाणी रोज दोन कॅन भरून सुनेच्या हाती देत राहिले. “एवढंच प्यायचं. ताईला सांगू नकोस.”

“बरं, मावशी,” ती म्हणायची.

मुळं वळायची थांबली नाहीत. आता तिचं घरातलं उठणं-बसणंही मला टेबलावर कळायचं.

दिवस भरले. त्या सकाळी मुळं दवाखान्याकडे होती.

साडेदहाला मी खुर्चीत बसून पेल्यांकडे पाहत होते.

एक मूळ कडेवरून सुटलं आणि पाण्यात गेलं. मग दुसरं.

मग सगळी. सरळ खाली, इतर कांद्यांसारखी.

मी फुटपट्टी घेतली नाही.

फोन वाजला. ताई रडत होती. मला वाटलं, संपलं. “मुलगी झाली ग,” ती म्हणाली. “साडेदहाला. अगदी धडधाकट.”

पुढे साहेब निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. कांद्यांची पद्धत त्यांच्यानंतर कुणी चालवली नाही. ताई शहाण्णव साली गेली. घर विकलं, विहीर बुजवली, वर गाड्या ठेवायची जागा झाली. सुनेला मुलगी झाली त्या वर्षी गल्लीत आणखी सहा मुली झाल्या होत्या, सगळ्या धडधाकट. मोठ्या झाल्यावर त्या गावोगावी पांगल्या.

सून चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी असायचे. एकदा म्हणाली, “मावशी, तुमच्या कॅनमधलं पाणी मी एक दिवसही प्यायले नाही. झाडांना घालायचे. पोटातून नको म्हणून यायचं.”

आता मी ऐंशीची आहे. तिची मुलगी दूरच्या शहरात असते, उशिराने दिवस गेलेत. गेल्या रविवारी तिचा फोन आला. कामानिमित्त आली होती म्हणे आमच्या गावात, मला न भेटताच परत गेली त्याची माफी मागत होती.

“आपलं जुनं घर होतं तिथे जाऊन आले, आजी. का कोण जाणे, जावंसं वाटलं. गाड्यांच्या मध्ये उभी राहिले थोडा वेळ.”

“एकटीच?”

“नाही ना. आणखी सहा जणी उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या. बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही.”

“कोण होत्या?”

“ओळखीच्या नव्हत्या. पण सगळ्यांना दिवस गेलेले. मी विचारलं त्यांना शेवटी. सगळ्यांना एकच तारीख दिलीय.”