दशमीचं जेवण

आमच्या घरात श्राद्धाचा दिवस माझा दीर गिरधर ठरवायचा. कॅलेंडरच्या चौकोनात बोट ठेवायचा आणि मोकळा व्हायचा. बाबूजी, माझे सासरे, मार्गशीर्ष शुद्ध नवमीला गेले. गेल्या वर्षी चौकोनात नवमी दिसली, झालं. उज्जैनमध्ये गल्लोगल्ली पंचांग जाणणारे बसलेत, पण कोणाला विचारेल तर तो गिरधर कसला. पंडितजी परगावी होते, म्हणून माझ्या नवऱ्याने, हेमेंद्रने, पोथी बघून सगळं स्वतःच केलं.

बाबूजींचा कावळा हट्टी. माझ्या सासूबाईंना, जीजींना, "अंतर देणार नाही" असं गच्चीवर हात जोडून कबूल करेपर्यंत पिंडाकडे ढुंकून बघत नाही. मी शाळेत गणित शिकवते, असल्या गोष्टींवर हसते. पण त्या दुपारी पान खाली ठेवायच्या आत त्याने हेमेंद्रच्या हातातूनच पिंड उचलला.

"आज बाबूजींना घाई दिसते," हेमेंद्र म्हणाला.

जीजी हसल्या नाहीत. "बहू, पंचांग काढ."

नवमी सकाळीच संपली होती. दिवसाला सूर्योदयाच्या तिथीचं नाव मिळतं, श्राद्धाला मात्र दुपारची तिथी लागते. बाबूजींची दुपार आदल्या दिवशीच होऊन गेली होती. आम्ही पिंड दिला तो दशमीत.

"दशमीला आपल्यात कोण गेलंय?" मी विचारलं.

"कोणीच नाही. मग जेवलं कोण?"

संध्याकाळी गिरधर दुकानातून आला. मी वडे आणि खीर पुढे केली.

"नको भाभी, पोट भरलंय."

"कुठे हादडून आलास?"

"कुठे नाही. दुपारपासून असंच आहे."

त्याने मोरीत चूळ भरली. पाण्यात काळे तीळ पडले. स्वयंपाकात तीळ नव्हते, फक्त पिंडात होते. मी घाबरले.

त्या दिवसापासून त्याची भूक गेली. तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. जीजी शेजारी बसून चार घास भरवायच्या, ते तो त्यांच्यासाठी गिळायचा. त्याचे सदरे अंगावर लोंबायला लागले. "पुढच्या नवमीला चूक निस्तरू," जीजी सारखं म्हणायच्या.

यंदा दुपारची नवमी पाहिली, पंडितजींना बोलावलं. कावळा कठड्यावर बसून राहिला.

"अहो, पोराला भूक द्या," जीजी म्हणाल्या.

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. जीजी रडल्या, मीही रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात पाट सरकला. गिरधर आंघोळ करून बसला होता, दक्षिणेकडे तोंड करून. आमच्याकडे तसं कोणी जेवायला बसत नाही.

"भाभी, भूक लागली."

वर्षभराने ऐकलं ते. मी धावत ताट वाढलं.

त्याने ते बाजूला सारलं. "हे नाही."

बाहेर दशमी लागली होती.

जीजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले, भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि फळीवरून तिळाचा डबा काढला.