हौदातलं घासलेट

हौद सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट खोल होता. पाणी सव्वातीन फूट. वर चार लाकडी फळ्या. त्यांतली एक सरकवलेली. पाण्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घासलेटचा रंगीत तवंग. बुडाशी बाहेरच्या अंगाला पितळी तोटी, तिला कुलूप. हौदाला टेकून ठेवलेला लोखंडी गळ. विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा, एरवी विहिरीच्या कठड्यावर टांगलेला असायचा. भिंतीवर पाटी. तिच्यावर रोजच्या पाण्याची खोली खडूनं लिहिलेली; वैशाख लागल्यापासून तेरा ओळी, कालची जागा कोरी.

वीरभद्रनं हे सगळं वहीत उतरवलं, मनाशी गुणाकार केला आणि खाली लिहिलं: अंदाजे एकशे दहा घागरी.

"मोजून झालं का, मास्तर?" खाजामियाँनी विचारलं.

"पाणी मोजलं. तेल मोजायचं राहिलंय."

"मोजा. मी माणसं बघतो."

खाजामियाँ निजामाच्या पोलिसात अठरा वर्षं अमीन होते. अमीन म्हणजे फौजदार. राज्य विलीन झालं, त्यांची नोकरी गेली आणि ते येडशीच्या बाजारात भावाच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागले. तरी लोक अजून त्यांच्याकडेच येत. चोरी असो, बेपत्ता माणूस असो, ठाण्यात जायच्या आधी मियाँचा जिना चढायचा. वीरभद्र त्यांचा शेजारी. हैदराबादेहून विज्ञानाची पदवी घेऊन आलेला, शाळेत मास्तर. सुट्टीत तो मियाँबरोबर हिंडायचा आणि दिसेल ते मोजायचा.

आज त्यांना बोलवायला हैदर आला होता, स्टेशन रस्त्यावरच्या जुन्या सराईचा राखणदार. दोन वर्षांपूर्वी एका धर्मादाय मंडळानं सराईच्या नऊ खोल्या नीट करून निराधार म्हाताऱ्यांना दिल्या होत्या. अकरा माणसं, एक चूल, एक विहीर, एक हौद. वैशाखात विहीर दिवसाला पन्नास-साठ घागरींच्या वर देत नव्हती. म्हणून हौदाला जपायचं, फळी उघडी टाकायची नाही, आत कुणी पाय घालायचा नाही, हे नियम. आणि आज दुपारी तीनला हैदरनं फळी सरकलेली पाहिली, तेव्हा घासलेटचा वास आला.

अंगणाच्या मधोमध एक पत्र्याची पेटी, एक गुंडाळी आणि दोन भरलेल्या घागरी ठेवल्या होत्या. बाजूला रजियाबी बसली होती. सत्तरीची, लहानखुरी. अठ्ठेचाळीस सालानंतर तिचं जवळचं कुणी उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तिनं सराई सोडावी, असं ठरलं होतं.

ठरवलं होतं उत्तरेश्वररावांनी. ते तहसिलीतले निवृत्त कारकून, आता सराईचे चिटणीस. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. कंदिलांचं घासलेट रजियाबीच्या दारातल्या कोनाड्यात असतं, कारण काचा तीच पुसते. चार दिवसांपूर्वी रमजानसाठी तिसरी घागर मागितली आणि पाण्याचं काम बघणाऱ्या चन्नबसप्पांनी नाही म्हटलं, म्हणून ती त्यांच्याशी भांडली. आणि आज सगळे झोपलेले असताना तिनं स्वतःच्या दोन घागरी आधीच भरून ठेवल्या.

"पाणी नासणार हे माहीत नसतं, तर दुपारी दोनला घागरी कशाला भरल्या?" उत्तरेश्वरराव म्हणाले. "तुम्हीच सांगा, मियाँ. का तुमच्या जातीची म्हणून तुम्ही गप्प?"

खाजामियाँनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग रजियाबीपाशी उकिडवे बसले.

रजियाबीनं मान वर न करता उत्तरं दिली. रमजान लागल्यापासून ती रोज दुपारी दोनलाच पाणी भरते. घागरीला ओलं फडकं गुंडाळलं की मगरीबपर्यंत, रोजा सोडायच्या वेळेपर्यंत, पाणी गार होतं. तेरा दिवस कुणाला त्यात काही दिसलं नव्हतं. आज दोनला हौदाचं पाणी साफ होतं. नंतर नमाज पढली आणि आडवी झाली.

"काही वेगळं दिसलं?"

"तो गळ हौदाच्या कडेला पडला व्हता. वला व्हता, पाणी निथळत व्हतं. कुणाच्या पायात घुसंल म्हणून म्या उचलून हौदाला टेकवला."

"भांडण झालं होतं?"

"झालं व्हतं. चन्नबसप्पा पाण्याचे मालक झालेत. बोलले म्या. पर पाणी नासवायला म्या काय दुसऱ्या गावचं पिते?"

खाजामियाँच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं.

हैदरकडून दोनच गोष्टी कळल्या. तोटीची किल्ली त्याच्या कमरेला असते आणि चिटणिसांनी सांगितल्याशिवाय तो ती लावत नाही. हौद आठच दिवसांपूर्वी पुरा रिकामा करून घासला होता. तळाला काडीएवढाही गाळ नव्हता.

स्वयंपाकघरात सिद्धम्मा भाकरी थापत होती. सराईत स्वयंपाक करायचा आणि तिथंच राहायचं, अशी तिची सोय होती. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "आज भाकरी उरल्या बगा. चन्नबसप्पांचं ताट तसंच परत आलं. रातीचंबी आलं व्हतं. म्हनले, पोट बिघडलंय."

"पाणी?"

"तांब्याबी भरलेला परत. म्या म्हनलं, अप्पा, रजियाबीसंगं तुमीबी रोजा धरला का काय. तर माज्याकडं बगून तोंड फिरवलं." तिनं भाकरी उलटली. "नियमाचे लई पक्के हायत ते. माज्या मालकाकडनं एकदा चूक झाली, तर सा महिनं आमच्या घरचं पाणी बंद केलं व्हतं. आमी एकाच गावचं, तामलवाडीचं."

"तुमचे मालक कोण?"

"महांतप्पा. गेले आता."

चन्नबसप्पा हौदाला लागून पहिल्याच खोलीत राहत. वय चौऱ्याहत्तर, अंगानं धिप्पाड. एके काळी त्यांची तामलवाडीला तेलबियांची आडत होती. सराईत पाण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं. नियम त्यांचे, पाटीवरचं अक्षर त्यांचं. रोज संध्याकाळी फळी सरकवून ते हौदावर वाकत, खुणांची काठी बुडवत आणि खोली लिहीत. आता ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. एवढ्या उकाड्यात उपरणं गळ्यापासून छातीवर घट्ट गुंडाळलेलं. रुंद, मोकळं कपाळ घामानं चमकत होतं.

"आता चौकशी कसली करता?" ते म्हणाले. आवाज खरखरीत होता. "तोटी उघडा. हौद रिकामा करा. मी तोटीपाशी बसतो, काय निघंल ते बघतो. बाकीच्यांनी आपापल्या खोलीत जावं."

वीरभद्रला राहवलं नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वरच तरंगतं, तोटी बुडाशी आहे. खालचं तीन फूट पाणी घागरींत धरलं तर निदान धुण्याला येईल, असं तो सांगू लागला.

"सांडा म्हणतो मी!" चन्नबसप्पा ओरडले आणि लगेच त्यांना खोकला आला. खोकला थांबेना.

खाजामियाँनी कोनाड्यातला तांब्या त्यांच्यापुढं धरला. "विहिरीचं आहे, अप्पा. हैदरनं आत्ताच काढलंय. मला रोजा आहे, तुम्ही घ्या."

चन्नबसप्पांनी तांब्याकडं पाहिलं. अगदी थोडा वेळ, पण पाहिलं. मग मान फिरवली.

ओट्यापासून दूर येताच वीरभद्रनं आपला निष्कर्ष सांगितला. डब्यात साडेतीन इंच तेल कमी होतं. कंदिलांना लागलेलं वजा केलं तरी दोन बाटल्या तेल हौदात गेलं. रजियाबीला तो डबा पेलणार नाही. हैदरला पेलतो, उत्तरेश्वररावांनाही पेलतो; आणि रजियाबीची खोली मोकळी झाली तर चिटणिसांना ती आपल्या माणसाला देता येईल.

खाजामियाँ सावलीत उभे होते. त्यांनी भलतंच विचारलं.

"मास्तर, तुम्ही रोज कपाळाला भस्म लावता. कधी लावता?"

"सकाळी. लिंगपूजा झाली की."

"आणि पूजा झाली नाही तर?"

"तर नाही लावत. पण त्याचा इथं काय संबंध?"

मियाँनी सूर्याकडं पाहिलं. मावळायला तासभर उरला होता. "सगळ्यांना अंगणात बोलवा. लवकर. रजियाबीपेक्षा दुसऱ्याच माणसाला कमी वेळ उरलाय."

अकरा माणसं अंगणात जमली. चन्नबसप्पांना हैदरनं हाताला धरून आणलं. खाजामियाँ हौदाच्या कडेशी उभे राहिले.

"आरोप सगळ्यांसमोर झाला," ते म्हणाले, "म्हणून हेही सगळ्यांसमोर. नाहीतर मी एकट्यापाशी बोललो असतो.

"हे तेल ओतून कुणाचं काय साधलं? रजियाबीला काही मिळालं नाही. चिटणिसांना खोली हवी असेल, पण पाणी तेही याच हौदाचं पितात. तेलानं एकच गोष्ट होणार होती. हौद रिकामा करावा लागणार होता. तोटीला कुलूप, आत उतरायला बंदी. पाणी नासल्याशिवाय तो कुणी रिकामा केला नसता. आणि आठ दिवसांपूर्वीच घासलाय, म्हणजे सफाईसाठी नव्हे. तळाशी काहीतरी पडलंय, ते कुणाला तरी हवंय.

"दोन वाजता रजियाबीनं गळ पाहिला. हौदापाशी, ओला. तेव्हा पाणी साफ होतं. म्हणजे आधी गळ टाकून बघितलं, जमलं नाही, मग तेल आलं. गळाला घागर लागते, बादली लागते. कान, कडी, काठ असलेली कुठलीही वस्तू लागते. ही लागली नाही. ती लहान आहे, गोल आहे, गुळगुळीत आहे.

"या हौदावर रोज कोण वाकतं? ज्याचं अक्षर या पाटीवर आहे तो. तेरा दिवस एक ओळ चुकली नाही. काल वाकला, आणि ओळ लिहिली नाही."

कुणी चन्नबसप्पांकडं बघितलं नाही. सगळे पाटीकडं बघत होते.

"मी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही," खाजामियाँ पुढं म्हणाले. "माझे ओठ बघा आणि अप्पांचे बघा. त्यांचे माझ्यापेक्षा दुप्पट वेळ कोरडे आहेत. काल रात्रीचं ताट परत, आजचं परत, तांब्या परत. विहिरीचं ताजं पाणी समोर धरलं, तेही नाही. पोट बिघडलेला माणूस जेवत नाही, पण पाणी पितो. आणि कपाळावर भस्म नाही. मास्तर, तुम्हीच सांगितलंत, पूजा झाली नाही तर भस्म नाही. पूजा कधी होत नाही?"

वीरभद्रचा हात आपोआप छातीशी गेला. सदऱ्याखाली, चांदीच्या डबीत, त्याचं इष्टलिंग होतं, लिंगायतानं जन्मभर अंगावर वागवायचं. तासभर तो त्या मोकळ्या कपाळासमोर उभा होता, आणि तेलाचे इंच मोजत होता.

"लिंग अंगावर नसलं तर," तो हळू म्हणाला. "मग अन्न नाही. पाणीही नाही."

चन्नबसप्पांनी उपरणं सोडलं. छातीवर तुटका दोरा होता, आणि उघडी, रिकामी डबी.

"काल सांजच्याला," ते म्हणाले. "काठी घालताना दोरा तुटला. डबी हातात आली, लिंग गेलं. या वयात आत उतरता येईना."

"सांगायचं होतं की, अप्पा," हैदर म्हणाला. "कुणीबी काढलं असतं."

"कुणाला सांगू?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं मान केली. सिद्धम्मा तिथं उभी होती, हात पिठानं भरलेले. "हिच्या मालकाचं लिंग सोनारीच्या जत्रेत हरवलं, तर मी त्याला पंक्तीतून उठवला. सहा महिने कुणाला त्याच्या घरी पाणी पिऊ दिलं नाही. लिंग हरवलेल्या माणसानं जगू नये, असं चावडीत बोललो. हिच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू?"

सिद्धम्मा पुढं आली. तिनं हातांचं पीठ पदराला पुसलं.

"मालकांनी तवा दोन दिस पाणी घेतलं न्हवतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी जीभ सुजली, बोलता यीना. ते म्या बगितलंय, अप्पा. तुमी सांगितलं असतं तर म्याच हौदात उतरले असते."

वीरभद्रनं सदरा काढला. हौदात पाय घालायचा नाही हा नियम त्या क्षणी कुणाला आठवला नाही. तेल पोटापर्यंत लागलं. तळ त्यानं पायांनी चाचपला, एका कडेनं दुसरीकडं, वीतवीत करून. सहा मिनिटं लागली. मग त्यानं श्वास धरून बुडी मारली आणि वर आला तेव्हा मुठीत जांभळाएवढं काळं, गुळगुळीत लिंग होतं.

हैदरनं विहिरीतून घागर ओढली. चन्नबसप्पांनी अंघोळ केली, खोलीचं दार लोटून पूजा केली. ते बाहेर आले तेव्हा कपाळावर भस्म होतं आणि चालणं सावरलं होतं. सिद्धम्मानं दिलेला तांब्या त्यांनी तिथंच, तिच्यासमोर, उभ्यानं रिकामा केला.

मग ते रजियाबीसमोर गेले. तेलाचा डबा तिच्या कोनाड्यातून घेताना आळ तिच्यावर जाईल हे मनात आलं नव्हतं, असं ते सांगू लागले, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं.

"आलं न्हवतं तर न्हवतं," रजियाबी म्हणाली. "पर तीनपासनं माजी पेटी हितं हाय, आन तुमी ओट्यावर बसून बगत व्हता. सिद्धम्मासमोर बोलायची तुमाला लाज वाटली. म्या घराबाहेर निघताना न्हाय वाटली."

हैदरनं तिची पेटी उचलून परत तिच्या खोलीत ठेवली. उत्तरेश्वरराव काही बोलायला पुढं झाले. खाजामियाँनी नुसता हात वर केला तशी ते थांबले.

वस्तीकडून बांग ऐकू आली. रजियाबीनं फडक्याच्या गाठीतून दोन खजूर काढले आणि एक खाजामियाँच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तोटी उघडली. खालचं पाणी धुण्याला धरलं, वरचं तेलकट पाणी रस्त्यावर मारलं आणि हौद राखेनं दोनदा घासला. दुपारनंतर विहिरीचं पाणी ओढायला घेतलं. वीरभद्र वही घेऊन कठड्यावर बसला. दिवस मावळेपर्यंत सत्तावन्न घागरी हौदात पडल्या. पाण्याची खोली एक फूट आठ इंच झाली. सत्तावन्नांपैकी नऊ घागरी चन्नबसप्पांनी ओढल्या होत्या.