पुसल्याशिवाय

बादलीभर काळं पाणी गल्लीत भिरकावण्याआधी शरदिनीने डावं-उजवं पाहिलं नाही. पाहायचं कशाला? पूर ओसरल्यापासून बालाजी घाटाच्या त्या गल्लीतून स्वच्छ कपड्यांतला माणूस गेलाच नव्हता. नेमका तेव्हाच एक आला. पांढरी विजार, पॉलिशचे बूट, काखेत वळकटी... आणि आता गुडघ्याखाली गाळ, बुरशी नि ब्लीचिंग पावडरचा वास.

"अरे बापरे!"

बनारसमध्ये असा भिजलेला माणूस आधी समोरच्याच्या सात पिढ्या काढतो. हा नुसता 'बापरे' म्हणाला, म्हणजे नक्की देशावरचा. शरदिनीने त्याला नजरेनेच तोलून घेतलं. भित्रा, सभ्य आणि इस्त्री स्वतः करणारा.

"माफ करा हं... दिसला नाहीत."

"दिसलो असतो तर?"

"तर नेम धरून टाकलं असतं. असे बूट घालून इथे येतं का कुणी?"

तो हसला. मग उंबऱ्याच्या आत त्याची नजर गेली आणि हसू जागीच थांबलं. आतल्या भिंतींना केस फुटले होते. खाली काळे, वर हिरवट, कोपऱ्यांत पिंजलेल्या कापसासारखे पांढरे. ट्रंक उघडी होती आणि तिच्यातला शालू शेवाळलेल्या दगडासारखा दिसत होता.

"केवढी ओल आहे हो," तो हळूच म्हणाला.

"ओल शेतात असते. ही सीलन."

"आमच्या साताऱ्याकडे ओल माणसातही असते."

"हो का? इथे माणसं वाळायला टाकलीत सध्या. वरची खोली बघायला आलात ना? जिना तिकडे. आणि बूट हातात घ्या."

तो श्रीनिवास. रेल्वेच्या कचेरीत बदलून आलेला. वरची खोली कोरडी होती, ती त्याने त्याच दिवशी घेतली. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, खोली आवडली की बादलीवाली, ते एक विश्वनाथालाच ठाऊक.

खाली शरदिनी आणि तिची आई सीताबाई, दोघीच. वडील यज्ञेश्वरशास्त्री पाठशाळेत शिकवायचे. पुराने त्यांना वाहून नेलं नाही, पण नेलं पुरानेच. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं आणि अंगाबरोबर वाचाही. उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. "अगं, ऐकलंस का" एवढ्यावर सगळं भागलं होतं. वाचा गेली तेव्हा तेही गेलं. मग एके दिवशी त्यांनी शेगडीतला कोळसा डाव्या हातात धरला आणि खाटेशेजारच्या भिंतीवर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं... सीता. हवं-नको असलं की त्या नावावर काठी आपटायची. ठक्-ठक्. सीताबाई स्वयंपाक टाकून धावायच्या. लाजायच्या आणि धावायच्या.

पाणी घरात शिरलं तेव्हा वरच्या खोलीला गावी गेलेल्या भाडेकरूचं कुलूप होतं, म्हणून शास्त्रीबुवांना गच्चीवर नेलं. गच्चीला भिंत नव्हती, भिंतीवर नाव नव्हतं. वरून पाऊस. चौथ्या पहाटे सीताबाईंना जाग आली, तेव्हा काठी त्यांच्या पदरावर पडलेली होती आणि धरणारा हात थंड. किती वेळ बोलावत होते, कुणास ठाऊक.

पाणी उतरल्यावर सीताबाई आधी त्या भिंतीपाशी गेल्या. पाणी नावाच्या बोटभर खाली थांबलं होतं. गंगेने सोडलं होतं ते, धरलं बुरशीने. रोज थोडी वर चढायची. सीताबाईंनी त्याच भिंतीला लागून अंथरूण घातलं आणि महिनाभरात त्यांना असा खोकला धरला की डॉक्टर म्हणाले, या खोलीत हिवाळा काढू नका. त्या हलेनात. भिंतीला कुणाला हात लावू देईनात. वडील गेले, आता आईही त्याच भिंतीला द्यायची की काय, या काळजीने शरदिनीची झोप उडाली होती.

श्रीनिवास रविवारी मदतीला येऊ लागला. तोंडाला ओला रुमाल बांधून तो बाहेरची खोली खरवडायचा आणि चुन्यात मोरचूद कालवायचा. रुमालामुळे दोघांचे फक्त डोळे दिसायचे, आणि ते पुरेसे होते.

"अहो, ऐका ना... हा कोपरा झाला का बघा."

"कोपरा ठीक आहे. तुमच्या भुवईला मात्र बुरशी लागली."

"कुठे?"

"इथे..." तिचं बोट भुवईपर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं. आतून आईचा खोकला आला, लांबलचक, भांडं घासल्यासारखा. बोट मागे आलं.

कार्तिकातल्या एका सकाळी सीताबाई पंचगंगा घाटावर स्नानाला गेल्या होत्या. चुना संपला म्हणून शरदिनी पिशवी घेऊन निघाली. श्रीनिवास बाहेरची खोली संपवून आतल्या दाराशी उभा होता. ती गल्लीतूनच ओरडली,

"आतल्या भिंतीला पुसल्याशिवाय हात लावायचा नाही हं!"

"बरं!" तो म्हणाला.

आता बालाजी घाटाच्या मराठीत कुणी कुणाला विचारत नाही, पुसतं. दोनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी बरोबर आणलेला शब्द तिथे अजून रोजच्या वापरात आहे. साताऱ्यात पुसणं म्हणजे फडक्याने. आईला विचारल्याशिवाय हात लावू नका, असं ती सांगत होती. हातात ओला फडका आणि पायाशी चुन्याची बादली असलेल्या माणसाला पुसण्याचा दुसरा अर्थ कुठून सुचणार? चुना द्यायच्या आधी पुसून घ्या. अगदी शहाणपणाची सूचना! त्याने मन लावून पुसलं. बुरशीखाली काळ्या रेघा होत्या, त्याही बुरशीच समजून जरा जोर लावून पुसल्या. शरदिनी खूश होईल, असा विचार करत.

ती परतली आणि सीताबाईही परतल्या, दोघी एकदमच. ओलं लुगडं, हातात गंगाजळाचा तांब्या. सीताबाईंनी भिंत पाहिली. रडल्या नाहीत. तांब्या खाली ठेवला, भिंतीपाशी गेल्या आणि नाव होतं तिथे तळहात टेकवून उभ्या राहिल्या.

"मी सांगितलं होतं, पुसा म्हणून!" शरदिनी किंचाळली.

"पुसलंच तर..." तो म्हणाला. आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता त्याला लहानपणी पाठ केलेल्या ओव्या आठवल्या. पुसे, पुसती, पुसिले. फडका हातातून गळला.

नंतरचे दिवस वाईट गेले. सीताबाईंनी अन्न सोडलं. खोकला मात्र त्यांना सोडेना. श्रीनिवास जिन्यात दिसला की शरदिनी मान फिरवायची, आणि फिरवून झाल्यावर तो गेला की नाही ते पाहायची. तिला त्याचा राग होता. त्याहून जास्त राग या गोष्टीचा होता की भिंत स्वच्छ झाली म्हणून तिला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं.

एकादशीला सकाळी सीताबाई आपणहून बोलल्या. "'सी' आधीच गेला होता गं. बुरशीने खाल्ला. 'ता' उरला होता. रोज किती खाल्लं ते बघत मी पडून असायची. त्याने एकदम नेलं."

"आई, त्याला—"

"त्याला सांग, मला राग आहे. जायचाही नाही. पण आपली वरची खोली मला देऊन खाली राहतो म्हणतोय ना? घेते. चुना मात्र मी देणार."

कुंचा त्यांनी स्वतः धरला. दर चार हातांनी दम लागायचा. नावाच्या जागेवर आल्यावर कुंचा थांबला, आणि दाराआडून शरदिनीला ऐकू आलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा, उखाणासुद्धा लाजून चुकवणाऱ्या तिच्या आईने, भिंतीशी तोंड नेऊन अगदी हळू हाक मारली.

"यज्ञेश्वर..."

मग कुंचा पुढे सरकला.

सीताबाई वर गेल्या आणि श्रीनिवास खाली आला. आठवड्यात तोही खोकू लागला. शरदिनी तुळशीचा काढा घेऊन आली तेव्हा तो भिंतीच्या पायथ्याशी बसून नव्याने उठलेले करडे ठिपके फडक्याने टिपत होता. चुन्यातूनही आले होते ते. येतच राहणार होते.

"प्या. आणि बदली मागा. ही सीलन तुम्हाला मानवायची नाही."

"पाठवताय?"

"पाठवत नाही... सांगतेय. आमच्या घरात माणसं टिकत नाहीत."

"अहो, ऐका ना—"

"हेच!" तिचा आवाज चिरकला. "'अहो, ऐका.' महिना झाला, दुसरं काही म्हणालात मला? माझ्या बाबांनी तीस वर्षं असंच केलं. मग कोळसा शोधावा लागला त्यांना. मला नाव आहे. आवाज आहे तोवर घ्या."

वाटीतल्या काढ्याची वाफ दोघांच्या मधे वळत होती.

"शरदिनी," तो म्हणाला.

एवढंच. तिने डोळे मिटले, जणू थंडीत उन्हाची तिरीप अंगावर आली. "पुन्हा एकदा."

"शरदिनी. मी बदली मागणार नाही."

"मग वर जा," ती म्हणाली. डोळे ओले, ओठांच्या कडेला मात्र जुनी खोडी. "आणि आईला पुसा."

श्रीनिवासने हातातल्या फडक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तो ठेवून जा," शरदिनी म्हणाली.