अंगठ्याचा ठसा उमटलेली वडी

जिन्यातून नाताळचं एक अख्खं झाड वर चढत होतं, आणि बोरोका हातात चॉकलेटचं भांडं घेऊन त्याच्यावर धाडकन आदळली.

"अहो, जरा बघून!" झाड म्हणालं.

ती किंचाळलीच! मग फांद्यांमधून एक चेहरा बाहेर आला... वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, विन्स. रडवेल्या बोरोकाला हसू फुटलं.

"हे काय, सिमेंट?" त्यानं भांड्यात डोकावून विचारलं.

"चॉकलेट होतं! कागदात गुंडाळून झाडाला टांगायला सालोनत्सुकोरच्या वड्या करायच्या होत्या. वितळताना झाकण ठेवलं, वाफेचं पाणी आत टपकलं, आणि झालं ढेकूळ. टाकायला निघालेय."

"टाकू नका. गरम पाणी घाला."

"अहो, पाण्यानंच तर घात केला!"

"थेंबानं केला. चमचा चमचा घालून बघा."

त्याची फजिती करावी म्हणूनच तिनं त्याला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि चमचा चमचा गरम पाणी घातलं. पण ढवळता ढवळता त्या ढेकळाचं चकचकीत, मऊ चॉकलेट झालं! बोरोका आ वासून बघत राहिली.

"हे आता कडक व्हायचं नाही. वड्यांच्या आत भरा," तो म्हणाला.

वरच्या आवरणासाठी चॉकलेटची शेवटची लादी उरली होती. या वेळी वाडगं कोरडं ठणठणीत, तळ खालच्या पातेल्यातल्या पाण्याला न टेकलेला, झाकण नाहीच. अर्धी लादी विरघळताच तिनं आच बंद केली आणि उरलेली नुसती ढवळून विरघळवली. पहिली वडी मात्र घाईनं उचलली... तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटला.

"ही माझी," विन्स म्हणाला.

"बिघडलीय ती!"

"म्हणूनच."

ती लाजली. त्याच्या झाडासाठी तिनं तीही धरून ओंजळभर वड्या चंदेरी कागदात बांधून दिल्या.

मग जिन्यात भेटी व्हायला लागल्या. दोघांनाही नेमकं एकाच वेळी दूध आणायचं असायचं! आणि एका सकाळी तो सहज म्हणाला, "झाड उतरवलं की दुसऱ्या दिवशी मी ग्योरला चाललो. नोकरी लागली."

बोरोकाच्या पायाखालची जमीनच सरकली. जाताना हा काहीच बोलणार नाही?

झाड उतरवायच्या दिवशी मदतीचं निमित्त काढून ती वर गेली, तर तिनं दिलेली प्रत्येक वडी जशीच्या तशी टांगलेली! तिला वाईट वाटलं, रागही आला.

"एकही खाल्ली नाहीत?" तिनं एक वडी मुठीत दाबली... कागद चपटा झाला. रिकामा! दुसरा — रिकामा. तिसराही!

वडी गुपचूप खाऊन कागद पुन्हा फुगवून ठेवायचा, ही इथल्या, सेगेदमधल्या पोराटोरांची चोरी. पण हा घोडा?

"एकटे राहता ना? मग लपवता कुणापासून?"

"तुमच्यापासून," तो कानापर्यंत लाल झाला. "पहिल्याच दिवशी सगळ्या फस्त केल्या. तुम्ही अधाशी म्हणाल म्हणून..."

शेंड्यावरची एक मात्र जड लागली. तिनं कागद उलगडला... वर तिच्याच अंगठ्याचा ठसा.

"ती खाववेना," तो हळूच म्हणाला. "तुझा ठसा आहे तिच्यावर. मला तू आवडतेस, बोरोका."

तू! मग तिनं ती वडी दातांनी कचकन अर्धी तोडली आणि उरलेला तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.

"अगं, ठसा गेला ना!" तो हबकलाच.

"अंगठा आहे की माझा अजून," ती म्हणाली. "शनिवारी ये ग्योरहून. वाडगं कोरडं करून ठेवते."