दुसरी फीत

चाळीस वर्षं मी ल्यूबेकच्या शाळेत इतिहास शिकवला. युद्ध पुस्तकातून कळत नाही, हातात कापड दिलं की मुलं गप्प होतात. म्हणून युद्धकाळातल्या जर्मन गणवेशांवरची चिन्हं जमवू लागलो: बाहीवरच्या हुद्द्याच्या फिती, उजव्या छातीवरचा गरुड. अस्सल तेवढीच. नकली ओळखायला खोलीत अंधार करून जांभळा दिवा धरायचा. युद्धानंतरचा धागा त्याखाली निळसर चमकतो, अस्सल धागा काळाच राहतो.

शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये शेजारच्या हेडविगबाई एक लष्करी डगला घेऊन आल्या. पंचेचाळीसमध्ये तो टपालाने त्यांच्या घरी आला होता, चिठ्ठीविना, सगळी चिन्हं उसवलेला. त्यांचा भाऊ आर्नो मात्र आला नाही.

"मास्तर, आईबापाच्या कबरीच्या दगडावर खाली जागा आहे. मी जायच्या आत आर्नोचं नाव तिथं हवंय. पण डगला त्याचाच ना? परक्याच्या कपड्यावरून भावाला मेलेला कसं म्हणू?"

"शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं?"

"बढती मिळाली म्हणून मिरवत होता. डाव्या बाहीवर एक फीत! आई म्हणाली, याला फीत दिली म्हणजे फौजेत माणसं संपली."

चिन्हाखालच्या कापडाला ऊन लागत नाही. चिन्ह उसवलं तरी त्याचा आकार गडद राहतो. डाव्या बाहीवर एकच टोकदार फीत उमटली होती. मी ती पातळ कागदावर उतरवून घेतली.

"बहुतेक त्याचाच. बाकीच्या खुणा बघून सांगतो."

"लवकर बघा. गुरुवारी पाथरवट यायचाय."

डगला मी घरातल्या बोळात, माझ्या तपकिरी कोटाशेजारच्या खुंटीवर टांगला.

सोमवारी दुपारी तो उतरवला. आतून ओलसर लागला. ताज्या घामाचा वास येत होता.

बाहीवर दोन फिती होत्या.

कागद वर ठेवून पाहिला. कागदावर एक, कापडावर दोन. खिडक्या लावून दिवा धरला. दुसऱ्या फितीच्या टाक्यांच्या भोकांत धाग्याचे तुकडे अडकले होते. ते निळे चमकले.

युद्ध संपल्यावर कोणीतरी त्याला बढती दिली होती.

बुधवारी हेडविगबाई दारातच थांबल्या.

"एकदाचं सांगा, मास्तर. एक्कावन्न वर्षं रोज टपालवाल्याची वाट बघतेय. गेलाय ना तो?"

वर्गात मी कधी खोटं शिकवलं नाही. पण हा वर्ग नव्हता.

"डगला आर्नोचाच आहे," मी म्हणालो. "तो गेला. नाव कोरून घ्या."

त्यांनी माझा हात कपाळाला लावला आणि रडल्या.

गुरुवारी लख्ख ऊन होतं. कोट न घालताच दफनभूमीत गेलो. पाथरवटाने शेवटचं अक्षर कोरलं, तेव्हा हेडविगबाई हळूच म्हणाल्या, "सुटला गं बाई."

घरी आलो. बोळात गारठा होता.

डगल्याच्या बाहीवर काहीच नव्हतं. फीत नाही, भोकं नाहीत. कापड सगळीकडे सारखंच विटलेलं.

शेजारी माझा कोट. सात वर्षांपूर्वी मी तो नवा घेतला होता.

त्याच्या उजव्या छातीवर पंख पसरलेला गरुड उमटला होता, गडद. भोवती टाक्यांची बारीक भोकं. एकात धाग्याचा तुकडा.

मी खिडक्या लावल्या. दिवा धरला.

धागा काळाच राहिला.