नववा प्रश्न

"खोटं बोलणाऱ्याले तुम्ही पकडता म्हणते लोक. खरं बोलणाऱ्याले सोडवता का?"

हंसाबाई जाधवांनी दारातूनच विचारलं आणि मगच चपला काढल्या. आर्णीच्या बाजारातल्या कृषी केंद्राच्या माडीवर सुरभी गावंडेचं एका खोलीचं ऑफिस होतं. दहा वर्षं तिनं विमा कंपन्यांसाठी खोटे दावे शोधले होते. आता ती स्वतःच्या नावावर चौकशा करायची. तिची जुनी मोटार रामराव ठाकरे चालवायचे. एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरून निवृत्त झालेला माणूस. घरी बसवेना म्हणून इकडे आलेला.

"बसा," सुरभी म्हणाली. "कोण खरं बोलून राह्यलं?"

"माझी निकिता. अन् तिच्या वर्गातले सारेच."

हंसाबाई लोणदरीच्या तांड्यावरच्या. घरचा सहा एकर कापूस, आणि गावच्या जिल्हा परिषद हायस्कुलाच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. स्वतः शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण समितीची सभा एकदाही चुकवलेली नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

सप्टेंबरात बाहेरच्या एका संस्थेनं शाळेची गुणवत्ता तपासली होती. नववीच्या सव्वीस मुलांची चाचणी घेतली होती. अहवाल सुरभीनं मोठ्यानं वाचला : "प्रश्न क्रमांक नऊमध्ये बावीस विद्यार्थ्यांनी एकच चुकीचा विषय धरून लेखन केले आहे. शिक्षिकेने उत्तर सांगितल्याचा संशय. शाळेची श्रेणी : ड."

"ड भेटला की नववी-दहावी बंद," हंसाबाई म्हणाल्या. "पोट्ट्यायले बारा किलोमीटरवरच्या शाळेत टाकतीन. पोट्टे सायकलीनं जातीनही. पोरी घरी बसतीन. मंग पुढचं तुम्हाले मालूम आहे."

"बाकीच्या प्रश्नांचं काय?"

"त्याच्यात काही खोट नाई म्हणते. नववाच फक्त."

सुरभीनं कागद पुन्हा पाहिला. "काका, गाडी काढा."

रामरावांनी मान डोलावली. त्यांच्या मनात निकाल लागून गेला होता. बावीस पोरांची चूक एकसारखी, म्हणजे कोणीतरी सांगितलं. यात शोधायचं ते काय?

लोणदरी चौदा किलोमीटर. पोहोचेपर्यंत पेट्रोलचा काटा तळाला टेकला. सुरभी शाळेत गेली आणि रामराव पेट्रोल शोधायला गावात. अर्ध्या तासानं ते हात हलवत परतले.

"काय गाव आहे ताई! बाटलीतही पेट्रोल भेटत नाई. म्हणे, आर्णीहूनच भरून याचं. रिझर्व्हवरच जा लागते आता."

"पोहोचू," सुरभी म्हणाली, पण तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

मुख्याध्यापक उत्तमसिंग आडे पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. शाळेला 'अ' श्रेणी मिळवून जायचं, हे त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे श्रेणी वाढावी असं तुम्हालाच सगळ्यात जास्त वाटत होतं," सुरभी म्हणाली.

"वाटत होतं, वाटतेच," आडे सरळ म्हणाले. "पण त्या दिवशी मी तालुक्याच्या सभेत होतो. हजेरीवर सही आहे. आणि उत्तर सांगायचंच असतं तर बाई बरोबर उत्तर सांगेल, की चुकीचं?"

हे रामरावांना पटलं. मग वाटलं, बाईलाच उत्तर येत नसेल.

मराठी शिकवणाऱ्या अर्पिता भोयर तिशीच्या होत्या. डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा होत्या, पण आवाज स्थिर होता.

"मी वर्गात पाऊलच टाकलं नाही. तपासणीच्या संस्थेचे अमर इंगळे सर पर्यवेक्षक होते. ते म्हणाले, तुम्ही लांब थांबा. मी आठवीला घेऊन कडुनिंबाखाली बसले."

"प्रश्नपत्रिका पाहिली?"

"नाही. पेपर झाल्यावर त्यांनी त्या मोजून पिशवीत घातल्या आणि सील केल्या. नववा प्रश्न काय होता, हे मला आजही कोणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. गोपनीय आहे म्हणतात."

"पेपर वेळेवर झाला?"

"अकराचा होता, सुरू झाला पावणेबाराला. सर वर्गात आले, त्यांनी बॅग उघडली आणि पेट्रोल टाकून येतो म्हणून मोटारसायकलवर गेले. मुलं ताटकळत बसली होती."

नववीच्या वर्गात सुरभी खुर्चीवर न बसता शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मुलं आपोआप मागं वळली.

"नववा प्रश्न कोण सांगेल?"

निकिता उठली. बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या घातलेली. "एक शब्द देल्ला होता मॅडम. खंत. त्याच्यावर मनानं पाच ओळी लिहाच्या होत्या. सोपा होता. ऋतिकनं मात्र उकिरड्यावर लिवलं!"

वर्ग खदखदून हसला. पहिल्या बाकावरच्या ऋतिकचे कान लाल झाले. "हासा. दहापैकी नऊ मलेच भेटले," तो म्हणाला.

रामरावांनाही हसू आलं. उकिरड्याला नऊ मार्क! तपासणारा झोपेत असावा.

"त्या दिवशी पहिल्या दोन बाकांवर कोण होतं?" सुरभीनं विचारलं. चार हात वर झाले. "पेपर कुठून वाटले?"

"समोरून."

"पेपरवर काही चित्र होतं?"

"हो, पेनाचं," ऋतिक म्हणाला. "निळं."

"निळं नाई, काळं होतं," निकिता म्हणाली, आणि मागच्या बाकांनी तिला दुजोरा दिला.

"दोन महिन्यांत रंगही विसरले पोट्टे," रामराव बाहेर पडताना पुटपुटले.

परतीच्या वाटेवर फाट्याशी विक्कीचं झेरॉक्सचं दुकान होतं. सुरभीनं गाडी थांबवायला सांगितली. अहवालाच्या दोन प्रती काढून तिनं त्या एकमेकींवर ठेवून उन्हात धरल्या.

"विक्की, हा ठिपका कशाचा?"

दोन्ही प्रतींवर खालच्या भागात, एकाच जागी, मोहरीएवढा काळा ठिपका होता.

"काचेले खड्डा पडला ताई. पुसून जात नाई. पोळ्याच्या आधीपासून आहे. लोक चालवून घेतात."

"सप्टेंबरात कोणी परका माणूस घाईनं बऱ्याच प्रती काढून घेऊन गेला का?"

"रोजचे शंभर लोक येतात. कोणाकोणाचं ध्यानात ठेवू?"

अमर इंगळे आर्णीतच भाड्याच्या खोलीत राहत होता. वय सव्वीस-सत्तावीस, इस्त्रीचा शर्ट. तो नम्रपणे बोलला, पण बोलताना पेनाचं टोपण सारखं उघडत-मिटत होता.

"मला त्या बाईंबद्दल आकस नाही. मी पाच मिनिटं पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात सांगितलं असणार. शेतकऱ्यांची मुलं आहेत, मॅडम. जे रोज शेतात बघतात, त्यावर पाच ओळी येऊ नयेत? पुढची चार माझ्या टेबलाजवळ होती, म्हणून ती वाचली."

"पेपरला उशीर झाला म्हणे."

"गाडीत पेट्रोल नव्हतं. गावातच भरलं आणि लगेच आलो."

सुरभीनं आभार मानले. जिना उतरताना रामरावांना राहवलं नाही. "ताई, पोरगा साधा वाटते. बाईनंच घोळ केला पाहा."

"काका, त्याला पेट्रोल कुठं भेटलं, ते तुम्हीच सांगू शकता."

रामराव पायरीवरच थांबले.

तीन दिवसांनी दुपारी शाळेत सगळे जमले. यवतमाळहून संस्थेच्या वरिष्ठ अधिकारी विमलताई काळमेघ आल्या होत्या, सोबत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि प्रश्नपत्रिकांची सीलबंद पिशवी. अमर त्यांच्या शेजारी बसला होता. समोर आडे सर, अर्पिताबाई, हंसाबाई. निकिता आणि ऋतिक भिंतीशी उभे.

"कारण पटलं तरच मी पिशवी उघडेन," विमलताई म्हणाल्या. "बोला."

"ताई, आधी एक सांगा," सुरभी म्हणाली. "या बावीस जणांनी ओळीही सारख्याच लिहिल्या आहेत?"

विमलताईंनी गठ्ठा चाळला. "नाही. विषय एक आहे, मजकूर प्रत्येकाचा वेगळा."

"उत्तर सांगितलं असतं तर मजकूर सारखा आला असता. इथं उत्तरं बावीस आहेत. सारखी आहे ती फक्त चूक. म्हणून मी ठरवलं, उत्तर कोणी सांगितलं हे शोधायचंच नाही. प्रश्न काय होता, ते शोधायचं."

सुरभीनं भिंतीशी उभ्या मुलांकडे पाहिलं.

"मागच्या मुलांच्या कागदावर शब्द होता खंत. इंगळे साहेब मला म्हणाले, विषय रोज शेतात दिसणारा आहे. पुढच्या बाकावरचा ऋतिक उकिरड्यावर लिहून आला आणि त्याला दहापैकी नऊ मिळाले. उकिरड्यात काय तयार होते, काका?"

"खत," रामराव म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "अरे! खत... खंत!"

"एका टिंबाचा फरक. मुलांनी चूक केलीच नाही. त्यांना जे विचारलं, त्यावर त्यांनी लिहिलं. मग हे टिंब आलं कुठून? ऋतिकच्या कागदावर पेनाचं चित्र निळं, निकिताच्या कागदावर काळं. मुलं विसरली नव्हती. पुढच्या चौघांकडे छापील पेपर होते आणि मागच्या बावीस जणांकडे झेरॉक्स. पेपर समोरून वाटले, म्हणून छापील पुढच्यांना मिळाले. ती चार मुलं पर्यवेक्षकाच्या नजरेमुळं वाचली नाहीत, कागदामुळं वाचली."

अमरच्या हातातलं टोपण थांबलं.

"फाट्यावरच्या झेरॉक्सच्या काचेवर खड्डा आहे. प्रत्येक प्रतीवर एकाच जागी ठिपका येतो. आता पावणेबाराची गोष्ट. इंगळे साहेब बॅग उघडल्याबरोबर निघाले. गावातच पेट्रोल भरलं म्हणतात. या गावात पेट्रोलचा थेंब मिळत नाही. आमचे काका अर्धा तास फिरून आलेत. बॅग उघडल्यावर गठ्ठा नाही हे कळलं, आणि प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स काढली तर नोकरी जाते. बरोबर?"

विमलताईंनी अमरकडे पाहिलं, उत्तराची वाट न पाहता सील तोडलं आणि कागद टेबलावर पसरले. वर चार निळे. खाली बावीस काळे. प्रत्येक काळ्या कागदावर, 'ख'च्या बरोबर डोक्यावर, एक टिंब.

"गठ्ठा आधीच्या शाळेत राहिला होता," अमर हळू म्हणाला. "बॅगेत जास्तीचे चारच होते. परत जाऊन आणले असते तर तीन तास गेले असते. टिंब मला दिसलं नाही, शपथ. पण तपासणाऱ्यांनी माझ्याकडून खुलासा मागवला, मी उत्तरपत्रिकांवर 'खंत' वाचलं, तेव्हा कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं." तो अर्पिताबाईंकडे वळला, पण त्यांच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. "तुमचं नाव लिहिलं, कारण माझं लिहायची हिंमत झाली नाही."

अर्पिताबाई म्हणाल्या, "दोन महिने माझ्या घरातही मला कोणी विचारत होतं, खरंच नाही ना सांगितलं? तेवढं ध्यानात ठेवा."

विमलताईंनी 'ड'चा अहवाल आडवी रेघ मारून रद्द केला आणि खाली सही केली. "नववा प्रश्न मी आता इथंच तपासते. या बावीस मुलांना जो विचारला, तोच धरून."

त्या एकेक उत्तरपत्रिका वाचू लागल्या. पहिल्या दोन-तीन झरझर. मग वेग कमी झाला. एकीपाशी त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि नाव पाहिलं. "निकिता जाधव. मोठ्यानं वाचू का?"

निकितानं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"'माझी आई, माझी याडी, शाळेत गेली नाही. त्याची खंत नाही, असं ती म्हणते. पण मी मोठ्यानं वाचायला बसले की तिच्या हातातली भाकर तव्यावर करपते. ती करपलेली भाकर ती स्वतःच्या ताटात घेते. आमच्या घरात खंत अशी रोज वाढली जाते, आणि कोणी तिचं नाव घेत नाही.'"

कडुनिंबाखालून आठवीच्या मुलांची कविता ऐकू येत होती. आडे सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. रामरावांनी शाळा म्हणजे इमारत, पट आणि निकाल एवढंच आजवर धरलं होतं.

"दहापैकी दहा," विमलताई म्हणाल्या. "अशा ओळी ज्या वर्गात येतात, त्या शाळेला मी कमी श्रेणी देऊ शकत नाही."

हंसाबाईंनी पदर सारखा केला.

"खोटं लिवलं पोरीनं," त्या म्हणाल्या. "भाकर कधी करपू देल्ली नाई म्या."

मग त्या खुर्चीत जरा पुढं सरकल्या.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.