लिंबोळ्यांचं पांढरं पाणी

“साप? मग दात कुठं रुतले ते दाखवा की!” मुरारी तावातावानं म्हणाला.

पण मोठी माणसं ऐकतील तर शपथ! १९५५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, तळवड्याच्या मळ्यात, शालनची शेळी सकाळी दाव्यालाच मरून पडली होती. बबनकाकांनी ‘सापच!’ म्हणून तिला पुरूनही टाकलं. बारा वर्षांची शालन रडली नाही. तिला काहीच वाटत नव्हतं. चुलतभाऊ मुरारी आणि शेजारची भागू यांच्यामागून ती नुसती चालत राहिली.

“अगं बाई! इथं चिमण्यासुद्धा मेल्यात!” भागू ओरडली.

शेळीच्या पाण्याच्या दगडी दोणीत पांढरा साका बसला होता. भागू त्यात बोट बुडवणार, तोच शालननं तिचं मनगट धरलं.

“हात लावू नको. काका पावट्यावर मारतात ती पावडर हाय. पंपातलं उरलेलं पाणी त्यांनी इथंच ओतलंय.” तिचा आवाज सपाट होता, पाढे म्हणावेत तसा.

दोणीवर काटेरी फांदी टाकून तिघं काकांकडे धावली आणि ‘पावडर मारू नका’ म्हणून विनवू लागली. काका हसले. “पावडर न्हाई मारली तर माव्याची कीड समदा पावटा खाईल! उद्या परत मारणार हाय. पळा!”

“आई धान्यात कडूलिंबाचा पाला घालते,” तिथून निघाल्यावर शालन हळूच म्हणाली. “तिथं किडा फिरकत न्हाई.”

“आणि लिंबोळ्यांचं पोतं माळ्यावर हाय!” मुरारीनं उडीच मारली.

दिवसभर त्यांनी लिंबोळ्या फोडल्या, गर कुटला, रात्रभर भिजत ठेवला. सकाळी फडक्यातून गाळून त्यात रिठ्याचं पाणी मिसळलं. दुधासारखं पांढरं पाणी! पावडरीचा डबा गवताच्या गंजीत गेला.

“काका, पाणी आमी कालवून ठेवलंय!”

“शहाणी पोरं!” म्हणत काकांनी पंप भरला.

आठ दिवसांनी शाळेतले अर्जुनराव मास्तर मळ्यात आले. पावट्यावरचा मावा वाळून गेला होता.

“बघा पावडरीची करामत!” काका म्हणाले.

“ही बघा पावडर!” मुरारीनं गंजीत लपवलेला डबा पुढं ठेवला आणि भागूनं सगळी हकीकत सांगून टाकली.

मास्तरांनी शालनची पाठ थोपटली. “शाब्बास! आता हा अर्क कसा करायचा, ते तूच गावाला दाखव.”

शालननं मान हलवली. आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं.

काकांचा चेहरा उतरला. “पोरी, तुझी शेळी माझ्यापायी गेली गं.”

“हरणी,” शालन म्हणाली. “हरणी म्हणायचे मी तिला.” आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला.

डोक्यावरचं मुंडासं काढून काका तिच्याशेजारी बांधावर बसले.